शंकरराव चव्हाण : मंत्रालयातले हेडमास्तर आणि टेलचं पाणी

गोदाकाठी (धागाकर्ता)

मागच्या आठवड्यात भाच्याला घेऊन मुंबईला गेलो होतो. बसमधून जाताना त्याने विचारलं, "मामा, आजोबा मंत्रालयाला सचिवालय का म्हणतात?" मी म्हटलं, १९७५ पर्यंत पाटीच तशी होती. शंकरराव मुख्यमंत्री झाले आणि त्यांनी सचिवालयाचं मंत्रालय केलं. राज्य लोकांनी निवडून दिलेल्या मंत्र्यांचं, सचिवांचं नव्हे, असा तो हिशोब. त्यावर भाचा म्हणाला, "शंकरराव कोण?" पोरगा नांदेडचा! म्हणून हा धागा.

थोडक्यात कुंडली : जन्म १४ जुलै १९२० चा, पैठणचा. शिक्षण हैदराबादला, वकिलीची पदवी. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ, त्यांच्या मुशीतून निघालेली जी पिढी, त्यातले. नांदेडचे नगराध्यक्ष झाले, मग १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला तेव्हा उपमंत्री. १९६० पासून १९७५ पर्यंत मंत्रिमंडळात, आणि त्यातली बरीच वर्षं पाटबंधारे. फेब्रुवारी १९७५ ला वसंतराव नाईकांनंतर मुख्यमंत्री, मराठवाड्याचे पहिले. पुढे दिल्लीत शिक्षण, नियोजन, संरक्षण, गृह. १९८६ ते ८८ पुन्हा मुख्यमंत्री. मग अर्थमंत्री (१९८९ चा अर्थसंकल्प त्यांनीच मांडला) आणि १९९१ ते ९६ नरसिंह रावांचे गृहमंत्री. २६ फेब्रुवारी २००४ ला गेले.

एवढी खाती सांभाळलेला दुसरा मराठी माणूस म्हणजे यशवंतरावच. पण यशवंतरावांच्या भाषणांचे उतारे आजही लोक पाठ म्हणतात. शंकररावांचं एक वाक्य सांगा पाहू कुणी? मला स्वतःला आठवत नाही. लोकांना आठवतो तो 'हेडमास्तर'. फाईल वाचणारा, उशिरा येणाऱ्याकडे चष्म्यावरून बघणारा, हसायला कंजूष.

माझं म्हणणं असं, की या माणसाला जोखायचं तर दिल्लीतली पदं बाजूला ठेवून पाणी बघावं. जायकवाडी, विष्णुपुरी, ऊर्ध्व पैनगंगा. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आठमाही. धरणाचं पाणी खरीप आणि रब्बीला, आठ महिने, जास्तीत जास्त शेतकऱ्यांना. बारमाही उसाला नाही. हे धोरण त्यांनी दुसऱ्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात रेटलं आणि साखरवाल्यांचा रोष ओढवून घेतला. त्याच काळात शून्याधारित अर्थसंकल्पही आणला. जुनी योजना केवळ जुनी आहे म्हणून चालू ठेवायची नाही, दरवर्षी तिची गरज नव्याने सिद्ध करा! सरकारी खात्यांना हे सांगणं म्हणजे मांजरीला दुधाचा हिशोब मागणं.

जाणकारांनी भर घालावी. त्यांचे चिरंजीव अशोकराव यांच्यावर घसरू नये ही विनंती.

साईट इंजिनिअर

चांगला विषय. पाटबंधारे खात्यात ३४ वर्षं काढली, त्यातली पहिली काही जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर. शंकररावांना एकदाच जवळून पाहिलं, तेही आमच्या कार्यकारी अभियंत्यांच्या खांद्यावरून. साहेबांनी आकडे पाठ करून आणले होते. त्यांनी त्यातला एक आकडा दुरुस्त केला. नंतर फाईल उघडून बघितली तर त्यांचाच बरोबर.

नव्या लोकांसाठी जायकवाडीची गंमत. जायकवाडी हे गाव बीड जिल्ह्यातलं. धरण आधी तिथे योजलेलं, पुढे जागा वर पैठणला सरकली, पण नाव चिकटलं ते चिकटलं. पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते. युद्ध थांबून महिनासुद्धा झाला नव्हता, आणि त्यानंतर तीन महिन्यांत शास्त्रीजी गेले. २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिराबाईंनी उद्घाटन केलं तेव्हा शंकरराव मुख्यमंत्री. धरण दहा किलोमीटर लांब, २७ दरवाजे. एकूण साठा १०२ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर, त्यातला उपयुक्त ७६ च्या पुढे, मृतसाठा २६. डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२, तो माजलगावला जातो.

"जन्मगावी धरण नेलं" असं पूर्वी खूप ऐकलंय. आधीच सांगून ठेवतो : नदीच्या वरच्या अंगाला धरण घेतलं की कालव्याचा माथा उंच राहतो आणि खाली जास्त रान भिजतं. गोदावरीचा उतार कुणाच्या जन्मदाखल्यावर ठरत नाही.

सांगलीकर

हेडमास्तर ठीक, पण हेडमास्तरांनी १९७६ साली आमच्या वसंतदादांना मंत्रिमंडळातून वगळलं हेही लिहा की. सातवी शिकलेला माणूस, पण पाणी आणि माणूस दोन्ही कळायचं. दादा सांगलीला परत आले, राजकारणाला रामराम म्हणाले. वर्षभरात काय झालं? १९७७ च्या लोकसभेत महाराष्ट्रात काँग्रेसच्या ४८ पैकी २० जागा आल्या, शंकरराव गेले आणि दादा मुख्यमंत्री झाले.

फाईल वाचता येणं आणि माणूस वाचता येणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. दुसरीत शंकरराव काठावर पास.

टेलवाला

काठावर पास लई झालं, दादा. मी तर म्हणतो नापास. पण आमच्याकडं माणूस वाचणारे लई येऊन गेले. खांद्यावर हात टाकते, चहा पेते, पोराच्या लग्नाला येते. चारीला, म्हंजे शेतापर्यंतच्या छोट्या पाटाला, पाणी कुणी आणलं नाही.

मी डाव्या कालव्याच्या टेलचा, म्हंजे कालवा संपतो तिथला. परभणी जिल्हा. पाणी मागायचा नमुना सातचा अर्ज भरायचा, पाणीपट्टीची पावती जपून ठेवायची आन् आवर्तन (कालव्याच्या पाण्याची पाळी) सुटलं की चार दिवस चारीकडं बघत बसायचं. वरचे उपसतात, पाट फोडतात, उसाला नेतात. आपल्या पाळीला चारीत बेडकं.

आठमाही म्हणे! आज लाभक्षेत्रात फिरून बघा भाऊ. ऊसच ऊस. कारखानेबी आमच्याच मराठवाड्यातल्या पुढाऱ्यांचे. पश्चिम महाराष्ट्राला शिव्या देऊन काय उपेग.

गोदाकाठी

टेलवाला, हे खरंय आणि झोंबणारं आहे. माझं आजोळ पाथरीकडचं, तिथेही हेच. आठमाहीचं धोरण कागदावर राहिलं, कारण त्याच्या मागे उभा राहणारा माणूस जून १९८८ ला दिल्लीला पाठवला गेला.

@सांगलीकर : गंमत अशी, की शंकररावांच्या मंत्रिमंडळात शरद पवार मंत्री होते आणि १९७८ ला पुलोदच्या (पुरोगामी लोकशाही दलाच्या) मंत्रिमंडळात पवार मुख्यमंत्री, शंकरराव मंत्री! मधल्या काळात त्यांनी महाराष्ट्र समाजवादी काँग्रेस नावाचा स्वतःचा पक्ष काढून पाहिला होता. १९८० ला परत इंदिराबाईंकडे, नांदेडहून खासदार. आणि ८८ ला त्यांना उठवून ती खुर्ची कुणाला मिळाली? पवारांनाच.

प्रश्नचिन्ह

धागा आरतीकडे झुकतोय म्हणून थोडं मीठ.

१) आणीबाणीत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री कोण होते? मृणाल गोरे, दुर्गा भागवत यांना अटक झाली ती कुणाच्या राज्यात? 'शिस्त' हा त्या एकवीस महिन्यांचा आवडता शब्द होता आणि हेडमास्तरांच्या तोंडी तो फार शोभून दिसायचा.

२) ६ डिसेंबर १९९२, अयोध्येत बाबरी पडली. देशाचे गृहमंत्री कोण?

३) आज इकडे, उद्या तिकडे, परवा परत घरी. हे आपण इतरांबाबत निष्ठा बदलणं म्हणतो. शंकररावांबाबत "पक्ष काढून पाहिला" म्हणायचं का? आपला तो बाळ्या!

गोदाकाठी

तिसरा मुद्दा मान्य. शब्द मऊ वापरला, चूक झाली.

पहिल्यावर बचाव नाही. आणीबाणीत तीव्रता इथे उत्तरेपेक्षा कमी होती असं काही जण म्हणतात, पण तुरुंगात बसलेल्याला ते सांगण्यात अर्थ नाही.

दुसऱ्याबद्दल मात्र थोडं बोलायचंय. राज्य सरकार ऐकत नसेल तर कलम ३५६, म्हणजे राष्ट्रपती राजवट, लावून बाबरीच्या वास्तूचा ताबा कसा घ्यायचा याची आकस्मिक योजना गृहखात्याने तयार ठेवली होती, हे तेव्हाचे गृहसचिव माधव गोडबोले यांनी नंतर लिहिलंय. निर्णय पंतप्रधानांचा होता, त्यांनी घेतला नाही. केंद्रीय दलं फैजाबादेत बसून राहिली.

प्रश्नचिन्ह

म्हणजे फाईल तयार होती. हेच तर म्हणतोय मी! फाईल तयार करून वर पाठवली की आपलं काम झालं, ही कारकुनाची वृत्ती. गृहमंत्र्याला निर्णय पटला नाही तर राजीनामा देता येतो. गोडबोल्यांनी मार्च १९९३ ला मुदतीआधी नोकरी सोडली. मंत्री १९९६ पर्यंत खुर्चीवर.

गोदाकाठी

यावर माझ्याकडे उत्तर नाही.

वैदर्भी ठसका

पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, पण ऊर्ध्व पैनगंगेचं नाव आलं म्हणून उठलो. इसापूरचं धरण आमच्या यवतमाळच्या अंगणात, बुडाल्या आमच्या जमिनी, आणि कालवे मुख्यतः नांदेड-हिंगोलीकडे. मराठवाड्याचा अनुशेष, मराठवाड्याचा अनुशेष म्हणता, अनुशेष मोजणाऱ्या दांडेकर समितीच्या अहवालात विदर्भाचंही नाव होतं बरं का.

बुडीत गावची लेक

बुडालेल्या जमिनींचं कुणीतरी बोललं एकदाचं.

माझं माहेर शेवगाव तालुक्यातलं. जायकवाडीच्या पोटात शेवगाव, नेवासा, पैठण, गंगापूर या तालुक्यांतली शंभराहून जास्त गावं पूर्ण किंवा थोडी गेली. गोदावरीकाठची काळी जमीन. आजी सांगायची, त्या रानात ज्वारीच्या ताटात उभा माणूस दिसायचा नाही. नवं गावठाण मिळालं माळावर. पहिली दोन वर्षं बायका जुन्या गावच्या आडाकडे जायला निघायच्या आणि अर्ध्या वाटेवर आठवायचं की आड पाण्याखाली आहे. विनोद बघा, पाण्यासाठी विहीर पाण्यात!

शंकररावांचा आमच्या घरात राग नव्हता, हे कबूल करते. आजोबा म्हणायचे, धरण कुठेतरी होणारच होतं. राग होता तो मोबदल्याच्या कचेरीवर. हेलपाटे घालून त्यांच्या दोन वहाणा झिजल्या. तिथला एक कारकून दर वेळी नवा कागद मागायचा.

२०१६ च्या उन्हाळ्यात धरण मृतसाठ्यात गेलं तेव्हा मामा जुनं गाव बघायला घेऊन गेला. भिंतींचे दगड, एक जातं. मामा तिथे बराच वेळ काही न बोलता उभा होता. नंतर म्हणाला, आपल्या ओसरीत किती लोक मावायचे, केवढीशी आहे बघ ही.

साईट इंजिनिअर

ताई, नमस्कार. आम्ही नकाशावर बुडीत रेषा आखायचो, निळ्या पेन्सिलीने. तिच्या आत ओसरी आहे हे दिसायचं नाही. खरं तर दिसायचं, बघायचं नसायचं.

आता सगळे ज्याच्याभोवती फिरताहेत त्या आकड्यांकडे येतो. जायकवाडी आखताना पैठणपर्यंत गोदावरी खोऱ्यात सुमारे १९६ टीएमसी पाणी धरलं होतं. त्यातलं साधारण ११५ वरच्या नाशिक-नगरसाठी आणि ८१ जायकवाडीसाठी. पुढे लक्षात आलं की खोऱ्यात भरवशाचं पाणी तेवढं नाहीच, दीडशेच्या पुढेमागे आहे. आणि वर धरणं मात्र बांधत गेले. तूट कुणाच्या वाट्याला? खाली जो बसलाय त्याच्या. त्यात नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, उथळ आणि पसरट, साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास. उन्हाळ्यात बाष्पीभवन आपल्यापेक्षा जास्त पाणी पितं.

म्हणून २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा, मग मेंढेगिरी समिती, मग तो ६५ टक्क्यांचा नियम : जायकवाडी ऑक्टोबरच्या मध्याला ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचं. दर दुष्काळात नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा अशी कोर्टबाजी. २०२३ च्या नोव्हेंबरातही साडेआठ टीएमसीवरून तेच झालं.

शंकररावांना दोष द्यायचा तर इथे द्या. स्वतः पाटबंधारे मंत्री असताना वरच्या भागातल्या वापरावर कायद्याचं कुलूप लावून घ्यायला हवं होतं. धरण बांधलं, वाटणी सज्जनपणावर सोडली.

सांगलीकर

+१. आणि ते कुलूप लावलं असतं तर तेव्हाच पद गेलं असतं. नगरचे आमदार काय गोट्या खेळत होते?

हैदराबादी मराठी

उशिरा आलो, पण एक गोष्ट कुणीच काढली नाही याचं नवल वाटलं. शंकररावांनी सर्वांत मोठी सही केली ती ६ ऑक्टोबर १९७५ ला. आंध्रचे मुख्यमंत्री वेंगळराव आणि हे. गोदावरीच्या पाण्याचा आपसांतला करार. पुढे गोदावरीच्या पाणीतंट्यासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने १९८० च्या निवाड्यात तो जसाच्या तसा घेतला.

त्यात काय ठरलं? गोदावरीवर पैठणपर्यंत आणि पूर्णेवर सिद्धेश्वरपर्यंतचं सगळं पाणी महाराष्ट्राने वापरावं. त्याखाली आंध्रातल्या (आता तेलंगणातल्या) पोचमपाड धरणापर्यंत महाराष्ट्राला नव्या प्रकल्पांसाठी ६० टीएमसीची मर्यादा. पैठणच्या वरचं सगळं आपलं हे ऐकायला झकास, पण ते 'आपलं' म्हणजे नाशिक, नगर आणि संभाजीनगर मिळून. आणि परभणी-नांदेडच्या वाट्याला ६० च्या आत बसेल तेवढं. विष्णुपुरी त्यातूनच, बाभळीही त्यातूनच.

बाभळीचं आठवतंय ना? धर्माबाद तालुक्यातला १४ दरवाजांचा बंधारा. सुप्रीम कोर्टाने २८ फेब्रुवारी २०१३ ला निकाल दिला : साठा २.७४ टीएमसी, पण १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे, आणि १ मार्चला ०.६ टीएमसी खाली सोडायचं. पावसाळाभर दरवाजे उघडे असलेला बंधारा! आमच्या इकडे तेलुगू मित्र म्हणतात तुमच्या चव्हाणांनी चांगलं वाटून घेतलं, आणि नांदेडचे पाहुणे म्हणतात आमच्या चव्हाणांनी घालवलं. दोन्हीकडून शिव्या खाणारा करार बहुधा बरा असावा. उस्मानियात शिकलेला माणूस, दोन्ही काठ ओळखत होता.

टेलवाला

हे साठ टीएमसीचं आम्हाला कधी कुणी सांगितलं नाय. सभेत फक्त "आंध्रानं पाणी पळवलं" एवढंच.

मंग काका, आमची टेल कशात धरायची? पैठणच्या वरच्यात का खालच्या साठात?

साईट इंजिनिअर

वरच्यात. तुमच्या चारीचं पाणी पैठणच्या धरणातलं, म्हणजे ते ८१ मधलं. कागदावर तुमचा हक्क पक्का आहे.

टेलवाला

कागदावर हाव.

पुण्यनगरी

हे सगळं ठीक, पण आज त्यांच्या चिरंजीवांनी जे केलं त्याबद्दल कुणी बोलणार की नाही? बाप-लेक दोघे मुख्यमंत्री झालेली महाराष्ट्रातली एकमेव जोडी, आणि फेब्रुवारी २०२४ ला

संपादक मंडळ

प्रतिसादाचा उरलेला भाग उडवला आहे. धागाकर्त्याने सुरुवातीलाच विनंती केली होती. त्या विषयावर आधीच तीन धागे वाहते आहेत, तिथे लिहावे.

नव्वदीची विद्यार्थिनी

नांदेडचं विद्यापीठ १९९४ चं, १७ सप्टेंबरला स्थापन. त्याला स्वामी रामानंद तीर्थांचं नाव. आम्ही पहिल्या काही बॅचेसपैकी. त्याआधी परीक्षेच्या प्रत्येक कामाला औरंगाबादचा प्रवास. माझ्या ताईने एका गुणपत्रिकेसाठी अख्खी रात्र एसटीत काढली होती.

आणि कुणी १९७४ चं मराठवाडा विकास आंदोलन विसरू नका. गोविंदभाई श्रॉफ, विद्यार्थी, रेल्वे रुंद करा, नोकऱ्या द्या. त्यानंतर वर्षाच्या आत मराठवाड्याला मुख्यमंत्रिपद मिळालं. शंकरराव कर्तबगार होतेच, पण खुर्चीखाली रस्त्यावरच्या पोरांचाही टेकू होता.

गोदाकाठी

सगळ्यांचे आभार. वाटलं त्यापेक्षा चांगलं झालं. मी सुरू केलं ते आठमाहीवरून, आणि आता वाटतं की १९७५ चा करार आणि १९६ टीएमसीचा आकडा या दोन गोष्टी आधी ठाऊक असत्या तर पहिला परिच्छेद वेगळा लिहिला असता. प्रश्नचिन्ह यांचा राजीनाम्याचा मुद्दा डोक्यातून जात नाही. टोकाचा निर्णय एकट्याने घ्यायचा प्रसंग आला तेव्हा हा माणूस फाईलच्या मागे उभा राहिला, अयोध्येतही आणि पाणीवाटपातही, असं म्हणता येईल का? उत्तर 'हो' आलं तर मला आवडणार नाही, पण विचारतो.

भाच्याला धागा वाचायला दिला. त्याचा एकच प्रश्न : टीएमसी म्हणजे नक्की किती टँकर?

साईट इंजिनिअर

एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजे साधारण २,८३२ कोटी लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर २८ लाखांवर टँकर. भाच्याला म्हणावं, आता ७६ ने गुण.

हैदराबादी मराठी यांनी बाभळीवर वेगळा धागा काढावा. माझ्याकडे जुनी टिपणं आहेत, शोधून टाकतो.

हैदराबादी मराठी

काढतो. रविवारी बसतो लिहायला.

टेलवाला

काढा, पण रविवारी मला टॅग करू नका. शनिवारी आवर्तन सुटणार म्हणून पाटकरी सांगून गेलाय. दोन रात्री चारीवर झोपायचंय, तिथं रेंज नसते.